डोक्यावरचं गाठोडं

माझी जीभ माझ्या आधी धावते, असं आई लहानपणापासून म्हणत आलीय. त्या गुरुवारी जालन्याच्या स्टँडवर ती अशी धावली, की आजही आठवलं तर कुठं तोंड लपवू असं होतं.

देऊळगाव राजात बसस्टँडसमोर माझं दुकान आहे, ‘पुष्पांजली लेडीज जनरल’. बांगड्या, लेस, फॉल-पिको, रबरबँड, टिकल्या. दर गुरुवारी जालन्याला जायचं, ठोक माल घ्यायचा आणि गाठोडं बांधून संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं. त्या दिवशी गाडीत बसले, तर कंडक्टरनं गाठोड्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, “याचं सामानाचं तिकीट लागंन, ताई.”

झालं! माझं डोकं फिरलं. दोन सीट पुढं खिडकीशी एक जण बसला होता. डोक्याला भलामोठा पांढरा रुमाल, आणि रुमालाखाली उजव्या अंगाला काहीतरी खुपसून ठेवल्यासारखा चांगला मोसंबीएवढा फुगवटा.

“अन् त्याहिचं?” मी हात करून ओरडले. “माह्या गाठोड्याचं तिकीट फाडता, अन् हे भाऊ डोक्यावर बोचकं बांधून बसले, त्याहिचं काऊन नाही? का त्याहिच्या बोचक्याले सरकारनं सवलत देल्ली?”

अख्खी गाडी खो-खो हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू? तो मात्र सावकाश मागं वळला. वय असेल सव्वीस-सत्तावीस. डोळे लालसर, खूप डोकं दुखणाऱ्या माणसाचे असतात तसे. माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाला, “खाली ठेवता आलं असतं तं ठेवलं असतं हो... पण चिकटलेलं हाय.”

हसणं जागच्या जागी थांबलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. पूर्ण रस्ताभर बाहेरच बघितलं. बाहेर काय होतं ते मात्र एक अक्षर सांगता येणार नाही.

देऊळगावला उतरल्यावर तो लोणारच्या गाडीची वाट बघत बाकावर बसला. मी गाठोडं दुकानात टाकलं, शटर अर्धं वर केलं, पुन्हा खाली ओढलं... आणि गेले एकदाची त्याच्यापुढं.

“ते... मले माहीत नव्हतं.”

“काय माहीत नव्हतं?”

“का ते तुमचंच हाय म्हणून.”

तो हसला आणि लगेच डोक्याला हात लावून कळवळला. “हसवू नका हो. आजच भरून आलो. ठणकून राह्यलं.”

काय भरून आला, हे विचारायची हिंमत काही झाली नाही. नाव तेवढं कळलं. भागवत. लोणारला मोटार वायंडिंगचं दुकान, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. नेहमी आधीच्या गाडीनं जायचा, त्या दिवशी ती हुकली होती. पुढच्या गुरुवारी मी माझा सगळा माल तासभर आधी उरकला आणि त्याची गाडी धरली. का, तर माफी मागायची राहिली होती. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

खिडकीची जागा मी पिशवी ठेवून धरली होती. तो चढला, पिशवी बघितली, मला बघितलं.

“बोचक्यासाठी जागा धरली का?”

“बोचक्यासाठी खिडकी. तुमच्यासाठी बाजूची.”

“मंग तुम्ही?”

“मी... उभी राहीन. शिक्षा म्हणून.”

“बसा बरं गुपचूप,” तो म्हणाला. मी बसले. तेवढ्यात वळणावर गाडी हिंदकळली, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि आम्ही दोघंही एकदम समोरच्या सीटवरची अक्षरं वाचायला लागलो.

मग हळूहळू त्यानं सांगितलं. तो तीन वर्षांचा असताना वडिलांचा बाजारात भज्यांचा गाडा होता. कढई कलंडली. उजव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा जळाली ती जळालीच. तिथं पुन्हा केस म्हणून उगवले नाहीत. शाळेत टोपी, कॉलेजात टोपी, दुकानात टोपी.

“आता एक डॉक्टर भेटले जालन्याले. त्याहिनं जळक्या जागेच्या बाजूले, केसांच्या कातडीखाली एक रिकामी पिशवी ठेवली. रबरासारखी. तिले बटणासारखं एक तोंड हाय, तेही कातडीखालीच. दर गुरुवारी बारीक सुईनं त्यात मिठाचं पाणी भरतात. सलाईन. पिशवी फुगते, वरची कातडी ताणते... अन् ताणता ताणता वाढते.”

“वाढते? नुसती ताणत नाही?”

“वाढते ना! बाईचं पोट नऊ महिन्यात कसं...” तो एकदम अडखळला, मानेपर्यंत लाल झाला. “म्हंजे... डॉक्टर म्हणले तसं. मी नाही म्हणलो.”

“बरं बरं. पुढं?”

“पुढं काय, पुरेशी वाढली का पिशवी काढून घ्यायची. जळकी जागा कापून टाकायची, अन् ही वाढलेली कातडी केसांसकट सरकवून तिथं शिवायची. मांडीच्या कातडीचं ठिगळ लावलं तं त्याच्यावर केस कुठून येतीन? ही शेजारचीच हाय.”

“म्हंजे नवे केस नाही येत?”

“जुनेच. जरा सरकून जागा वाटून घेतात.”

“दुखते?”

“भरल्यावर एक दिवस. मंग कातडीलेही समजते का आता वाढाच लागंन. मंग गप बसते.”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. एवढं सोसून आलेल्या माणसाला मी भरल्या गाडीत बोचकं म्हणाले होते. मनातल्या मनात स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घेतल्या.

असे गुरुवार जात राहिले. आता मी पाच वाजले की जालन्याच्या त्या दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायचे. सुई टोचणाऱ्या सिस्टर होत्या सिंधूताई. त्या मला बघून मिश्किल हसायच्या. भागवत बाहेर आला, की फुगवटा आणखी थोडा वाढलेला असायचा. मोसंबीचा झाला नारळ. चैत्राचं ऊन असल्यानं सगळेच रुमाल बांधून फिरत होते, तेवढं बरं.

एकदा गाडी जवळजवळ रिकामी होती. मी म्हणाले, “एक विचारू? रागावसान.”

“तुम्ही बोचकं म्हणल्या तव्हा नाही रागावलो.”

“हात... लावून पाहू?”

त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि रुमाल थोडा वर सरकवला. मी बोटांची टोकं ठेवली. ऊबदार होतं, घट्ट, वर बारीक केस... आणि आत कुठंतरी त्याची नाडी उडत होती. माझी त्याहून जोरात.

“पाच जागी पाहून झालं माहं,” तो खिडकीकडं बघत म्हणाला. “पोरीचे बाप चहा पाजतात अन् म्हणतात, टोपी काढा बरं जरा.”

“मंग सहावी जागा पाहा की.”

“कुठं हाय सहावी?”

“देऊळगाव राजाले. बसस्टँडच्या समोर.” जीभ पुन्हा माझ्या आधी धावली होती. पण ह्या वेळी मला तिचा राग आला नाही.

तो हसला. रुमाल नीट करायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही. मीच केला.

एप्रिलात माझ्या मामाच्या मुलीचं, राखीचं, साखरखेर्ड्याला लग्न होतं. मी त्याला बोलावलं. तो म्हणाला, “ह्या डोक्यानं?”

“मी हाय ना,” मी म्हणाले.

तीन शब्द. मी हाय ना. किती सहज म्हणाले होते मी!

कारभारीमामा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. पाहुण्यांचा मानपान करावा तर त्यानंच. आमच्याकडं वराकडच्या मंडळींना टॉवेल-टोपी देतात, आणि मामाची रीत अशी, की पाहुण्याच्या डोक्यावरचं जुनं आपल्या हातानं उतरवायचं आणि मानाची टोपी आपल्याच हातानं चढवायची. टोप्यांचं ताट धरून मी मामासोबत चालले होते. पैठणी नेसलेली, केसांत गजरा, सगळ्या मावश्या-काकू कौतुकानं बघताहेत, मी आपली हवेत!

भागवत आला आणि बिचारा जागा दिसली तिथं, नेमका वराकडच्या रांगेत बसला. मी त्याला बघितलं, तेव्हा मामा त्याच्यापुढं पोचलेला होता.

“राहू द्या मामा, हातात द्या,” भागवत रुमाल धरून म्हणाला.

“वा! मान का हातात घेतात, पाहुणे?” मामा प्रेमानं हसला, आणि एका झटक्यात रुमाल ओढला.

सनईची कॅसेट तेवढी वाजत राहिली. तो उघडा, ताणून चमकणारा फुगवटा आणि त्याच्या बाजूला जळकी पांढरी जागा. “अगं माय!” बायकांतून कोणीतरी म्हणालं. दुसरी म्हणाली, “गाठ हाय का काय? लागट तं नाही ना?” रांगेतला एक जण सरकून बसला. मामाचा हात टोपीसकट हवेतच. गोंधळून त्यानं ती टोपी भागवतच्या डोक्यावर ठेवली. ती बसेचना. घसरली आणि मांडीवर पडली. मागं कोणीतरी फिसकन हसलं.

“कोणाकडचे तुम्ही, पाहुणे?” मामानं विचारलं.

भागवतनं माझ्याकडं बघितलं.

सगळा मांडव माझ्याकडं बघतोय असं मला वाटलं. आई आशाबाई समोरच उभी, माझ्या तोंडाकडं बघत. मी ताटातल्या टोप्या बघितल्या. “मले नाही माहीत, मामा,” मी म्हणाले. “नवरदेवाकडचे असतीन.”

वराकडच्या एकानं मान हलवली. “आमचे नाहीत हो.”

“मांडव चुकला माहा,” भागवत म्हणाला. आवाज अगदी साधा. “दुसऱ्या लग्नाले चाललो होतो.” त्यानं टोपी उचलली, नीट घडी करून ताटात ठेवली, माझ्याकडं न बघता. मामाला हात जोडले. रुमाल बांधत बांधत गेला. पंगतीला पहिलं वाढप सुरू झालं होतं. तो न जेवता गेला.

मी जेवले. लाज वाटते सांगायला, पण मी जेवले. दोन जिलब्या घेतल्या. कोणाला संशय नको म्हणून.

पुढच्या गुरुवारी तो गाडीत नव्हता. फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मी दवाखान्यात गेले, तर सिंधूताईच मला विचारायला लागल्या, “कुठे आहे गं तुझा भागवत? मी फोन केला तर म्हणतो, पिशवी काढून टाका, मला काही नको. तीनच भरण्या राहिल्यात. आत्ता काढली तर कातडी पुरायची नाही, निम्मी जागा उघडीच राहील. इतके महिने सोसलं त्याचं काय?”

“ताई, माह्यामुळं...” मी म्हणाले. त्या बाकावर बसून मी इतकी रडले, की बाजूच्या पेशंटनं मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी साखरखेर्ड्याला गेले. मामा ओसरीवर बसला होता. त्या दिवसापासून तो एकच गोष्ट घोकत होता म्हणे, माह्या मांडवातून माणूस उपाशी गेला. मी त्याच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. गाडीतलं, दवाखान्यातलं, सहाव्या जागेचं, आणि ताटाकडं बघून मी काय म्हणाले तेही.

मामानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “रुमाल मी ओढला. पण पोरी, तू तं त्याले ओळखत होतीस.”

त्यानं शिवी दिली असती तर परवडलं असतं.

“उद्या लोणारले जायचं,” मामा उठत म्हणाला. “मामीले सांग, डबा कर म्हणा.”

लोणारच्या त्या छोट्याशा दुकानात भागवत तांब्याची तार गुंडाळत बसला होता. डोक्याला रुमाल. दाराशी दोन शेतकरी आपापल्या मोटारी घेऊन थांबलेले. मामा म्हणाला, तू हो पुढं, आणि स्वतः बाहेर पानटपरीशी थांबला.

“मोटार जळाली का?” मान वर न करता त्यानं विचारलं.

“मी जळाली,” मी म्हणाले.

त्यानं वर बघितलं. हसला नाही.

“मले तुमच्या डोक्याची लाज नाही वाटली,” मी म्हणाले. घोकून आणलेलं सगळं विसरले होते. “माहीच वाटली. लोक म्हणतीन, पुष्पीले हाच भेटला का? मावश्या हसतीन. त्याले भ्याली मी. तुम्ही मले आवडता, हे मले माहीत होतं, तरी भ्याली. थुंका माह्यावर. पण ती पिशवी काढू नका.”

दोन्ही शेतकरी मोटारींकडं मन लावून बघत होते.

“रुमाल ओढला तव्हा एवढं नाही लागलं,” तो तार गुंडाळतच म्हणाला. “लोक हसले, त्याची सवय हाय. तुम्ही ताटाकडं पाह्यलं... ते लागलं. आता हे डोकं बरं होईनही. पण उद्या केसांवाल्या भागवतले तुम्ही ओळख देल्ली, तं त्यात काय आलं?”

मी टेबलावरचे तारेचे तुकडे गोळा करायला लागले.

तेवढ्यात मामा आत आला. हातात डबा. त्यानं डबा टेबलावर ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली. मी तर बघतच राहिले! आमच्या मामाला टोपीशिवाय कोणी म्हणून बघितलेलं नव्हतं. खाली मामाचं डोकं गुळगुळीत, एक केस नाही, टोपीच्या कडेचा वळ तेवढा गोल उमटलेला.

“पाह्य,” मामा म्हणाला. “लग्नात टोपीवरच बाशिंग बांधलं होतं म्या. चाळीस वर्षं झाली, माह्या बायकोशिवाय हे कोणाले ठाऊक नाही. अन् तुहा रुमाल मात्र चारचौघात ओढला. कोणी माही टोपी अशी ओढली असती, तं म्या त्याचा हात मोडला असता. तू हात जोडून गेलास.” त्यानं डबा पुढं सरकवला. “जेव बाबा. माह्या मांडवातून उपाशी नको जाऊ.”

भागवतनं तार बाजूला ठेवली. मग त्याला हसू आलं. मामाला आलं. शेतकऱ्यांनाही आलं. मला मात्र येईना, मी डबा उघडत राहिले. तो जेवला. सगळा डबा संपवला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. निघताना मामाला म्हणाला, “गुरुवारी जातो.”

गेला. राहिलेल्या तिन्ही भरण्या झाल्या. गाडीत मी जागा धरायचे, तो बसायचा, पण गप्प. विचारलं तेवढं सांगायचा. मीही जीभ आवरून बसायला शिकले. माझ्यासारखीला ही काही लहान शिक्षा नव्हती!

मग ऑपरेशनला भरती व्हायचा दिवस आला. सकाळी नऊची वेळ, देऊळगावचा स्टँड खच्चून भरलेला. अर्ध्याअधिक बायका माझ्या गिऱ्हाईक. भागवत लोणारच्या गाडीतून उतरला, माझ्याजवळ आला आणि भर स्टँडवर त्यानं रुमाल सोडला. घडी करून पिशवीत ठेवला. माझ्याकडं बघत नुसता उभा राहिला.

मला कळलं. माना वळायला लागल्या. एक बाई तर पदर तोंडाला लावून थांबली. खरं सांगते, मला लाज वाटली. तेव्हाही वाटली, चांगली सडकून वाटली. इतकं सगळं होऊनही ती मेली गेली नव्हती.

आणि नेमक्या समोरून जहांआरा चाची आल्या. माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक, आणि आवाज असा की अख्ख्या स्टँडला ऐकू जावा.

“अगं पुष्पा! ये कौन गं, तुझ्यासोबत?”

मी त्याचा हात धरला. ताटाकडं बघायला ह्या वेळी ताट नव्हतं. मी चाचीकडं बघितलं आणि माझा नेहमीचा, कंडक्टरशी भांडतानाचा आवाज लावला.

“हे भागवत, चाची. लोणारचे. आता डोक्याचं ऑपरेशन हाय ह्याहिचं. ह्याहिले अजून विचारलं नाही, पण मी लगन ह्याहिच्याशीच करणार हाय!”

चाचींनी त्याला खालून वर बघितलं. फुगवटा बघितला, तोंड बघितलं.

“अच्छा, अच्छा. अल्लाह शिफा दे, जल्दी अच्छा हो, बेटा,” त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडं वळून, “अन् वो सोनेरी गोट्याची लेस आली काय गं? परसो निकाह है, किती चकरा मारू?”

“आली, चाची. उद्या घेऊन जा.”

“बरं.” आणि त्या गेल्या. बाकीच्याही माना आपापल्या गाड्यांकडं वळल्या.

एवढंच! ह्या एवढ्याशा घटकेला भिऊन मी एका माणसाला उपाशीपोटी मांडवातून घालवलं होतं. मला तिथंच, स्टँडच्या मधोमध, रडू फुटलं.

“आता काऊन रडून राह्यल्या?” भागवत म्हणाला. “ऑपरेशन माहं हाय.”

“मले... माफ केलं का तुम्ही?”

त्यानं विचार केल्यासारखं केलं. हात मात्र सोडला नाही.

“अर्धं केलं.”

“अन् उरलेलं?”

“उरलेलं लग्नात करीन,” तो म्हणाला. “जेवल्यावर.”